पत्रकातून मी गाळलेली ओळ

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. त्या लॅपटॉपची नव्हती, त्यातल्या सिस्टिमची नव्हती, आणि भिंतीवरच्या त्या एका चालू प्लगची तर नव्हतीच. दुसऱ्यांच्या चुका मी इतकी वर्षं पत्रकांवर ठळक अक्षरांत छापत आले. ही माझी आहे, तर हीसुद्धा तशीच छापायला हवी.

पत्रकं लिहायला मला वडिलांनी शिकवलं. पुण्यात आमच्या वस्तीत चार दिवस पाणी आलं नाही, शाळेत शिक्षक फिरकले नाहीत, की आमच्या स्वयंपाकघरात पत्रक तयार व्हायचं. मी सहावीत असल्यापासून मजकूर तपासत बसायचे. वडिलांचा नियम एकच होता: पत्रकात ‘बहुधा’ लिहायचं नाही. ‘बहुधा’साठी कुणी घरातून उठून येत नाही. कागदाच्या एका बाजूला मावेल तेवढंच बोलायचं आणि मावत नसेल तर जे मिळमिळीत आहे ते कापायचं. मी कापण्यात पटाईत झाले.

न्यूझीलंडला शिकायला आले आणि इथेच राहिले. वेलिंग्टनजवळ लोअर हटला एक खोली आहे, दिवसा एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये काय मोडू शकतं हे शोधायचे मला पैसे मिळतात. हे वाचताना लक्षात ठेवा.

बाकीचा वेळ आमच्या गटाचा. इथली ऑफिसं धडधाकट लॅपटॉप टाकून देतात, कारण कंपनीची नवीन सिस्टिम त्यावर चढत नाही. कंपनी एक तारीख जाहीर करते, आणि त्या तारखेला चालतं मशीन मेलं असं समजायचं. कुणी मारलं, कशासाठी मारलं, विचारायचं नाही, नवीन विकत घ्यायचं. मला याचा संताप येतो, अजूनही येतो. आम्ही ते लॅपटॉप गोळा करायचो, जुनी हार्ड डिस्क काढून वेगवान एसएसडी बसवायचो, त्यावर ओपन सोर्स सिस्टिम टाकायचो (कुणाच्या मालकीची नाही, फुकट, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली) आणि ज्यांना गरज आहे त्यांना द्यायचो. रविवारी बुद्धवंदनेला आम्ही ज्या हॉलमध्ये जमतो तिथे, देवळाबाहेर, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, सगळीकडे मी पत्रकं वाटली. ‘फेकू नका! तुमचं मशीन मेलेलं नाही!’

पोरिरुआच्या ताईंना लॅपटॉप असाच मिळाला. मंडळाच्या गणपतीत, नवं घर मिळायच्या आधीच, त्या पत्रक हातात घेऊन माझ्यापाशी आल्या. सोबत सहा वर्षांची मुलगी, तिचा श्वास ऐकू येत होता. नवरा इंजिनियर, रस्त्यांच्या कामावर, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. ताई मुंबईला अकाउंट्समध्ये होत्या, इथे घरून थोडंफार काम मिळतं का ते बघत होत्या. मी लॅपटॉप दिला, ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करून मुलीशी हात मिळवला, आणि विसरून गेले.

अशा सिस्टिमची दर काही वर्षांनी नवीन आवृत्ती येते आणि जुनीला सुरक्षेची डागडुजी मिळणं बंद होतं. गेल्या वर्षी आम्ही दिलेल्या लॅपटॉपांवरची आवृत्ती तशी बंद झाली. म्हणजे सगळ्यांना अपग्रेड करायला लावायचं. म्हणजे पत्रक.

कच्च्या मजकुरात पहिला मुद्दा असा होता: ‘आधी आपले फोटो आणि फाइली दुसरीकडे उतरवून घ्या.’ मजकूर पानाबाहेर जात होता. मी ती ओळ कापली.

गटातला एकजण म्हणाला, “अगं, ती राहू दे की. तीच तर महत्त्वाची आहे.”

“घाबरट वाटते,” मी म्हणाले. “पहिलीच ओळ वाचून लोक म्हणतील, यात काहीतरी जातं म्हणजे. मग कोण करणार?”

“पण जाऊ शकतं ना?”

“कंपनीवाले हेच सांगून लोकांना घाबरवतात. आपणही तेच सांगायचं?”

 त्या जागी मी लिहिलं: ‘अपग्रेड करा! तुमचं मशीन, तुमचा हक्क!’ दोन उद्गारचिन्हं.

ताईंचा फोन आला तो जूनमध्ये, इथल्या ऐन थंडीत. “पत्रक बघितलं गं, पण मला जमायचं नाही. तू येशील का? आणि लवकर ये, पुढच्या गुरुवारी मला लागणार आहे तो.”

“गुरुवारी काय आहे?”

“ये, मग सांगते.”

मी रविवारी दुपारी गेले. वेलिंग्टनला गाडी बदलली, पोरिरुआला उतरून चढ चढले. दक्षिणेचा वारा सुटला होता, तोंडावर पाण्याचे शिंतोडे. लाकडी घर, बाहेरून नीटनेटकं, पांढरा रंग. आत पाऊल टाकलं आणि वास आला. ओल्या पुस्तकांच्या पेटीत तोंड घातल्यासारखा. खिडकीच्या काचा आतून घामेजलेल्या, कडेला दुमडून ठेवलेले टॉवेल चिंब. बेडरूममध्ये कपाटामागची भिंत वरपासून खालपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. मुलगी दोन स्वेटर घालून पलंगावर चित्र काढत होती.

चहा करता करता ताईंनी सांगितलं. घर एका मराठी गृहस्थांचं. साठीचे, सगळे त्यांना काका म्हणतात, मंडळात पुढच्या रांगेत बसतात. मराठी ग्रुपवर त्यांनी टाकलं होतं, ‘आपल्या लोकांना प्राधान्य.’ राहायला आले त्या दिवशी काका पेढे घेऊन दारात उभे. घरात येताना भाडेकरू आणि मालकाने मिळून खोली-खोली बघायची आणि कागदावर लिहून सह्या करायच्या अशी इथली पद्धत. ताईंनी विचारलं तर काका हसले. “आपल्यात कशाला गं कागद? हे गोरे लोक करतात.” नवराही म्हणाला, जाऊ दे. त्यानंतर ओलीची तक्रार करायला फोन केला की काका म्हणायचे, मेसेज कशाला, बोलून टाकू. बोलून काहीच झालं नाही. मुलीला एका थंडीत तीनदा हॉस्पिटलात न्यावं लागलं. शेवटी नवऱ्याच्या मनाविरुद्ध ताईंनी घरभाड्याच्या तंट्यांच्या लवादाकडे अर्ज केला. गुरुवारी सुनावणी.

“आणि आता काका काय म्हणतात माहितीये?” ताई म्हणाल्या. “घर कोरडं होतं. तुम्हीच कुकर लावता, फोडण्या देता, कपडे घरात वाळत घालता. तुमच्याच वाफेनं बुरशी आली.”

“स्वतः काय सँडविच खाऊन मोठे झाले का ते?”

ताई हसल्या. त्या दुपारचं तेवढंच एक हसू. “पण माझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसाचा फोटो. सामान उतरवायच्या आधीचा. कपाट सरकवलं तर मागे परातीएवढा काळा डाग. रिकामी खोली, एक पिशवीसुद्धा नाही. त्या दिवशी माझा कुकर बोटीनं येत होता. कुठली वाफ?”

मी म्हणाले, “मग संपलंच. केस तुमची.”

“म्हणून म्हणते, सिस्टिम नीट करून दे. त्यातून सगळं पाठवायचं आहे.” मग लॅपटॉप माझ्यापुढे ठेवताना त्यांनी विचारलं, “फोटो राहतील ना?”

मला तो क्षण नीट आठवतो. हातात चहाचा कप होता, कपावर मी बोटं शेकत होते. मी म्हणाले, “ताई, हे कंपनीचं सॉफ्टवेअर नाही. इथे काही जात नाही.”

पत्रकातलं वाक्य. ‘बहुधा’ नव्हतं त्यात.

अपग्रेड सुरू केलं. त्यांचा लॅपटॉप दोन आवृत्त्या मागे होता, म्हणजे आधी मधल्या आवृत्तीवर जायचं, मग नवीवर. वायफाय मंद. बॅटरी पार गेलेली, तारेवरच चालणारा लॅपटॉप. त्या खोलीत एकच प्लग चालू होता. दुसऱ्याच्या आत ओल गेली होती आणि तो चरचरायचा म्हणून ताईंनी त्यावर चिकटपट्टी मारली होती. पडद्यावर ओळी सरकत होत्या, मी ताईंच्या अर्जाचं इंग्रजी सुधारत होते.

मुलगी खोकायला लागली. खोकला थांबेना, मान आत ओढली जाऊ लागली. ताई धावत आल्या. इथल्या डॉक्टरांनी दिलेला पंप दोनदा मारला, पुरेसं झालं नाही. मग कपाटातून नेब्युलायझर काढला, मुंबईहून सामानात आणलेला. आणि लॅपटॉपची पिन उपटून त्याची लावली.

 मी काय बोलणार होते? मूल श्वास घेत नाही आणि मी म्हणू, थांबा, साठ टक्के झालंय?

पंधरा मिनिटांनी मुलगी शांत झाली. “आय'म गुड नाऊ,” म्हणाली. आई मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, तसंच. लॅपटॉप परत लावला. तो उठेना. काळा पडदा, पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी. अर्ध्यात तुटलेलं अपग्रेड.

आता ऐका, कारण इथेच आहे सगळं. त्या घडीला ताईंचं काहीही गेलेलं नव्हतं. सिस्टिम मोडली होती, पण फोटो डिस्कवर जसेच्या तसे होते. माझ्या खिशात नव्या आवृत्तीचा पेन ड्राइव्ह होता. त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवायचे, मग पुढचं बघायचं. मला हे येतं. लोकांना मी हे शिकवलंय. दुसरा ड्राइव्ह आणला नव्हता, कारण ती ओळ मी पत्रकातून कापली होती आणि बहुतेक डोक्यातूनही. सहाच्या गाडीनं परत जायचं होतं, गटाची बैठक होती. आणि मनात होतं, हल्ली फोटो लॅपटॉपवर कोण ठेवतं? फोनवर असतातच की.

इन्स्टॉलरने विचारलं: डिस्क पुसून नव्याने टाकू का? खाली आणखी एकदा विचारलं: नक्की? सगळं जाईल. त्यानं माझ्यासारखी लपवाछपवी केली नाही. मी ‘हो’ दाबलं.

वीस मिनिटांत नवी कोरी सिस्टिम उभी राहिली. मराठी कळफलक बसवला, मोठी अक्षरं लावून दिली. “घ्या ताई. एकदम झक्कास, स्वीट अ‍ॅज.”

त्यांनी फोटोंचा फोल्डर उघडला. बंद केला. परत उघडला.

“इथे होते,” त्या म्हणाल्या.

“फोनवर असतील ना?”

“नाहीत.”

“क्लाउडवर?”

ताई खुर्चीत बसल्या. मग हळूहळू सांगितलं. फोनवरचे फोटो आपोआप एका खात्यात जातात. ते खातं नवऱ्यानं सगळ्या घराला मिळून काढलंय, म्हणजे डोंबिवलीला सासू-सासऱ्यांच्या टॅबवर नातीचा प्रत्येक फोटो दिसतो. सासूबाई सकाळी पूजा झाली की तो टॅब घेऊन बसतात. समुद्रकिनारा दिसतो, नातीचा शाळेचा गणवेश दिसतो. शेजारणीला दाखवतात. त्या खात्यात बुरशीची भिंत गेली तर? हाच का तुमचा परदेश, म्हणून एवढं घर सोडून गेलात? म्हणून ओलीचा प्रत्येक फोटो ताई काढल्या काढल्या लॅपटॉपवर उतरवायच्या आणि फोनवरून पुसून टाकायच्या. पुसलेले काही दिवस फोनच्या कचरापेटीत राहतात, तिथूनही त्या काढायच्या. दोन वर्षं, न चुकता. अकाउंट्सची बाई, फोल्डर महिन्याप्रमाणे लावलेले.

“तुझ्यावर भरवसा होता म्हणून तिथे नाही ठेवले गं,” त्या म्हणाल्या. “लॅपटॉप आपला होता. तुमचं मशीन म्हणून लिहिलं होतंस ना.”

मी लॅपटॉप घेऊन परतले. बैठकीला गेले नाही. तीन दिवस रजा टाकून जे जे प्रोग्राम आहेत ते लावले. जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेलं खरवडून काढता येतं, निदान तुकडे. एसएसडीला पुसायला सांगितलं की ती खरंच पुसते. ती आम्हीच बसवली होती, मशीन पळावं म्हणून. शून्य फोटो मिळाले. एकाचा कोपराही नाही.

बुधवारी ताईंना फोन केला. “नाही मिळाले.”

“बरं.”

“ताई, मला शिव्या द्या.”

“देऊन काय होतंय? उद्या येशील का तू? यांना सुट्टी नाही मिळाली.”

सुनावणी एका साध्या ऑफिसच्या खोलीत. गोल टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर डोंगराचं चित्र. निर्णय देणाऱ्या बाई मवाळ आवाजाच्या, सगळ्यांना ‘किया ओरा’ म्हणाल्या. काका कोट घालून आले होते. मला बघून मराठीत म्हणाले, “अरे वा, आपली पत्रकवाली. बस बेटा, बस.” ताईंच्या मुलीला खिशातून चॉकलेट काढून दिलं. मुलीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली, घे म्हणून.

ताईंनी त्या आठवड्यात काढलेले नवे फोटो दाखवले. काळी भिंत स्पष्ट दिसत होती. त्याच फोटोत कोपऱ्यात कपडे वाळत घातलेला स्टँडही दिसत होता. खोली तेवढीच आहे, तो कुठे ठेवणार? काकांनी नुसतं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“तुम्ही राहायला आलात तेव्हाची काही नोंद?” बाईंनी विचारलं. “पाहणीचा कागद?”

“केला नव्हता,” काका अदबीने म्हणाले. “ती माझी चूक. आमच्या समाजात आम्ही एकमेकांवर विश्वास ठेवतो.” हे ते इंग्रजीत म्हणाले, आणि किती चांगलं वाटलं ते ऐकायला! बाईंनी ते लिहूनसुद्धा घेतलं.

मग मी बोलायला परवानगी मागितली. फोटो होते, ते माझ्या हातून पुसले गेले, मी लिहून आणलंय, असं सांगितलं. बाईंनी माझं पत्र शेवटपर्यंत वाचलं.

“ते फोटो तुम्ही स्वतः पाहिले होते?”

कधीच पाहिले नव्हते. चहा पिता पिता ताईंनी सांगितलं आणि मी म्हणाले, केस तुमची. उघडून दाखवा, असं म्हणायलाही मला वेळ नव्हता.

“नाही,” मी म्हणाले.

“त्या दिवसाचा एकही फोटो उरलेला नाही का?”

एक होता. ताईंनी फोन पुढे केला. त्या सामाईक खात्यात राहिलेला, सासूबाईंसाठी मुद्दाम काढलेला. नव्या घरात पहिल्या दिवशी दूध उतू घालतात, तो. पातेलं घरमालकांच्या घरून मागून आणलेलं. शेगडीवर दूध फेसाळून खाली सांडतंय, मागे मुलगी टाळ्या वाजवतेय, आणि वर खिडकीच्या काचेवर धुकं.

काका पुढे वाकले. “बघा,” ते म्हणाले. आवाज अगदी मऊ. “पहिल्या दिवसापासून. खिडकी बंद, आणि वाफ.”

 ताई फोटोतल्या मुलीकडे बघत होत्या.

निकाल तिथल्या तिथे मिळाला. घर देताना त्यात ओल होती असं सिद्ध होत नाही. मालकांनी स्वयंपाकघरात वाफ ओढणारा पंखा बसवावा. भाडेकरूंनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि कपडे बाहेर वाळवावेत. करार मुदतीआधी मोडायची परवानगी नाही. करार फेब्रुवारीपर्यंत होता. म्हणजे ही सगळी थंडी त्याच खोलीत.

बाहेर आलो. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, लांबवर खाडीचं पाणी चमकत होतं. मी लॅपटॉपची पिशवी ताईंकडे दिली. त्यांनी परत माझ्याकडे सरकवली.

“ठेव तुझ्याकडे. चांगला चालतो आता, फास्ट झालाय. दुसऱ्या कुणाला दे.”

मी म्हणाले, माझ्याकडे राहायला या. एकच खोली आहे, पण कोरडी आहे. त्या म्हणाल्या, “असं कुठे होतं का गं.” मी आग्रह धरला नाही. धरायला हवा होता की नुसतं मन हलकं करायला बोलले, मलाच सांगता येणार नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. डोंबिवलीत सकाळ झाली होती, पूजा आटोपली असणार. ताईंनी पदर असल्यासारखी ओढणी सारखी केली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि उचलायच्या आधी वळून उभ्या राहिल्या, म्हणजे मागे खाडी यावी.

“हो आई, बाहेरच आहोत. बघा ना, कसलं ऊन पडलंय. हो हो, मस्त आहे सगळं.”

मुलगी माझ्याजवळ उभी होती. वारा लागला आणि तिला खोकला सुरू झाला, तोच, खोल, ओढून घेणारा. ताईंनी फोनवरची नजर न काढता दुसरा हात पाठीमागे नेला आणि बोटांनी मला खूण केली. लांब ने.

मी मुलीचा हात धरला. रस्त्यापलीकडे डेअरी होती, इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. आम्ही तिच्या दारापर्यंत गेलो. मागे वळून बघितलं तर ताईंची बोटं अजून हलत होती. मी तिला घेऊन दुकानाच्या आड गेले, आवाज पोचणार नाही इतकी लांब, आणि तिची पाठ चोळत उभी राहिले.

“इज आजी स्टिल ऑन द फोन?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “थोडा वेळ हळू खोक.”